खोक्यावरचा दिवसाचा उजेड

माझी आई रफू करते. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्यासमोर कुणी ठिगळ म्हणालं तर ती त्याला दारातूनच परत पाठवते. ठिगळ दिसतं. रफू दिसायला नको. जळालेल्या, फाटलेल्या किंवा कसर लागलेल्या कापडात ती सुईनं एकेक उभा धागा भरते, मग त्या धाग्यांतून आडवा धागा वर-खाली करत विणत नेते. संपलं की बोट फिरवूनही कळत नाही भोक कुठं होतं ते. नखाएवढ्या भोकाला अख्खी दुपार जाते. गेली एकेचाळीस वर्षं तिच्या दुपारी अशाच गेल्या आहेत. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर माझी शाळा, माझे बूट, माझे चोचले, सगळं त्या सुईच्या टोकावर चाललं. आमच्या भागात तिला रफूमावशी म्हणतात. तिचं खरं नाव पोस्टमनला माहीत आहे, बाकी फारसं कुणाला नाही.

मी दिव्यांच्या दुकानात काउंटरवर असतो. गेली चौदा वर्षं. बोलण्यात मला कुणी हरवू शकत नाही, असं मालक म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणतात असा माझा समज आहे. एलईडी आले तेव्हा तर मी पेटूनच उठलो. येईल त्या गिऱ्हाइकाला वॅट काय, लुमेन काय, आयुष्य किती तास, सगळं पाठ म्हणून दाखवायचो. बल्ब मागायला आलेला माणूस बल्ब न घेता गेला की मला एक गड जिंकल्यासारखं व्हायचं.

आणि इकडे माझ्याच घरात, आईच्या डोक्यावर, साठ वॅटचा पिवळा बल्ब.

आई ज्या खोलीत बसते तिला खिडकी आहे, पण आठ वर्षांपूर्वी शेजारची इमारत उठली आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत आली. तेव्हापासून त्या खोलीत भर दुपारी दिवा लागतो. बल्ब तिनं दोरीनं खाली ओढून अगदी कपाळाजवळ बांधून घेतला होता. उन्हाळ्यात त्याच्याखाली बसून ती घामाघूम व्हायची. कपाळाच्या डाव्या बाजूला तिला त्या उष्णतेनं पुरळ यायचं, आणि ते बघून माझा जीव वरखाली व्हायचा. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढं मी जो गाढवपणा केला तो नुसत्या बढाईपायी केला असं कुणी समजू नये. निम्माच बढाईपायी होता.

आता तिच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. भोक भरायला लागणारा धागा ती शक्यतो त्याच कपड्यातून काढते. आतल्या शिलाईत थोडं जादा कापड दुमडलेलं असतं, तिथले चार धागे ओढले की रंगाची चिंता मिटली. पण तसं कापड नसेल तर सगळा भार तिच्या रिळांच्या पेटीवर. त्या पेटीत नुसत्या तपकिरी रंगाची अठ्ठावीस रिळं आहेत. मला विचाराल तर त्यात तपकिरी तीनच आहेत, एक फिकट, एक गडद आणि एक मधला. आईला अठ्ठावीस दिसतात. त्यातलं एक निवडलं की तिचा नियम ठरलेला: रीळ आणि कपडा घेऊन गॅलरीत जायचं, दिवसाच्या उजेडात एकदा बघायचं आणि मगच धागा सुईत ओवायचा. संध्याकाळ झाली असेल तर काम सकाळपर्यंत थांबायचं. काम देणारे टेलरमास्तर कितीही घाईत असोत, तिनं हा नियम कधी मोडला नाही.

"बल्ब खोटं बोलतो," ती म्हणायची, "पण कुठं बोलतो ते मला पाठ आहे. तरी गॅलरीत विचारून घ्यायचं."

एका रविवारी मी चंग बांधला आणि सकाळपासून दुपारपर्यंत घरातले सगळे बल्ब काढले. स्वयंपाकघर, बाथरूम, जिन्याकडचा, आमच्या खोलीतला, एकही ठेवला नाही. आईच्या खोलीत तर लांब दांड्याचा, वळवता येणारा टेबललॅम्प बसवला आणि त्यात बारा वॅटचा एलईडी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: दिवसाचा उजेड. बटण दाबलं आणि खोली लख्ख झाली. इतकी, की कपाटावरची धूळ, कोपऱ्यातली जळमटं आणि गेल्या वर्षी मी स्वतः दिलेल्या रंगाचे फराटे, सगळं एकदम चव्हाट्यावर आलं.

"वा," बायको म्हणाली, "एकदाचे दिवे लावलेस तू." ती शाळेत गणित शिकवते आणि कमी शब्दांत जास्त बोलते.

आईनं मात्र दिव्याखाली हात धरून बघितला. वळवला, पुन्हा बघितला. "अरे, हा तापतच नाही की!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला की मला भरून आलं.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "आई, आता तुझ्या त्या गॅलरीच्या फेऱ्या बंद. हा दिवसाचाच उजेड आहे. कंपनीनं खोक्यावर लिहून दिलंय. रात्रंदिवस केव्हाही रंग जुळव."

तिनं खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. एकेचाळीस वर्षांचा नियम तिनं माझ्या एका वाक्यावर सोडून दिला.

दोनेक आठवड्यांनी टेलरमास्तर एक तपकिरी कोट घेऊन आले. टेलरमास्तरांचं दुकान आमच्याच रस्त्यावर, आणि आईचं निम्मं काम त्यांच्याकडून येतं. कोट होता चित्रकलेच्या सरांचा. सर निवृत्त झालेले, हाडापेरानं किरकोळ, पण रंगांच्या बाबतीत सबंध भागात त्यांचा धाक. घराला रंग देणारे कामगार त्यांच्या घराचं काम घेत नाहीत म्हणे. कोटाला कसर लागून तीन भोकं पडली होती, एक डाव्या खिशाच्या वर आणि दोन कोपराशी. आतल्या शिलाईत जादा कापड शिल्लक नव्हतं, कारण सर बारीक झाल्यावर मास्तरांनीच तो कोट दोनदा आत घेतला होता आणि उरलेलं कापून टाकलं होतं. म्हणजे धागा पेटीतूनच घ्यायला लागणार होता.

आईनं नव्या दिव्याखाली बसून रीळ निवडलं. गॅलरीत गेली नाही. दोन दिवसांत तिन्ही भोकं भरली, आणि कोट गेला.

चौथ्या दिवशी मास्तर कोट घेऊन परत आले. मी घरीच होतो. मास्तर जिना चढून आले ते दारातच घुटमळत राहिले. त्यांचा आवाज नेहमी चढा असतो, त्या दिवशी खाली होता.

"मावशी, जरा गॅलरीत येता का?"

गॅलरीत ऊन होतं. मास्तरांनी कोट पसरला, आणि मला, तीनच तपकिरी दिसणाऱ्या मलासुद्धा, दिसलं. तपकिरी कापडावर तीन लालसर चट्टे. खरचटल्यासारखे.

"सर म्हणाले, रफूमावशींचं हे काम नाही, दुसऱ्या कुणाला तरी दिलं असेल," मास्तर म्हणाले. "मी त्यांना सांगितलं, तुमचंच आहे. सांगायला नको होतं का?"

आईनं कोटावरून बोट फिरवलं. वीण बिनचूक होती, एक धागा इकडचा तिकडे नव्हता. फक्त रंग चुकला होता, आणि आईच्या हातून रंग चुकतो ही गोष्ट माझ्या जन्मापासून घडलेली नव्हती. तिचा चेहरा उतरलेला मी याआधी एकदाच पाहिला होता, बाबा गेले तेव्हा.

"घरात मला हा लाल दिसलाच नाही," शेवटी ती म्हणाली. "इथं उन्हात दिसतोय. म्हणजे आता मला ऊन लागतं. दिवसाचा उजेडही पुरत नाही."

माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी दिवे विकतो. चौदा वर्षं विकतो. पण मला वाटलं, आई अडुसष्ट वर्षांची आहे, डोळे थकणारच. मी उलट तिला धीर दिला, की अगं, होतं असं वयानुसार. हे वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे, पण अजून काही करण्यासारखी नाही, बारीक काम अजून कितीतरी वर्षं होईल. आम्ही सगळ्यांनी त्यातला पहिला तुकडा ऐकला आणि दुसरा सोडून दिला. आईनंही. पुढच्या आठवड्यात एक शाल आली, रीळ पुन्हा त्याच दिव्याखाली निवडलं, आणि तिचंही तसंच झालं. मग आईनं हात टेकले. येणाऱ्या प्रत्येकाला ती दारातच सांगायची, "आता नाही हो जमत. डोळे गेले." मास्तर काम दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवू लागले.

तिनं रिळांची पेटी माझ्या बायकोच्या हातात दिली. "तुझ्या शाळेतल्या मुलींना शिवणाच्या तासाला होईल," म्हणाली, आणि दिवसभर रेडिओ लावून बसू लागली. रेडिओ तिला कधीच आवडला नाही. काम करताना तर ती आम्हाला बोलूही द्यायची नाही. आता तिला रिकाम्या खोलीची भीती वाटत होती, हे कळायला मला डॉक्टर लागत नव्हता.

असे दोन महिने गेले.

बायकोनं पेटी शाळेत नेली नाही. गॅलरीतल्या फळीवर ठेवून दिली आणि मला म्हणाली, "बघू." एका सुट्टीच्या सकाळी ती ती पेटी उघडून गॅलरीत बसली. वेळ जात नव्हता म्हणून तपकिरी रिळं फिकटाकडून गडदाकडे अशी ओळीनं मांडत होती. आई शेजारीच खुर्चीत पेपर वाचत होती. चष्मा पेपरासाठी कपाळावरून खाली घेतलेला. तिनं पेपरावरून एक नजर टाकली.

"ते चौथं तिथं नाही. त्याच्यात लाल आहे. ते पलीकडे, अकराव्याच्या शेजारी." आणि पुन्हा पेपर.

बायकोनं चौथं रीळ उचललं. अकराव्याशेजारी ठेवलं. उन्हात धरून बघितलं तेव्हा तिलाही दिसलं. मग तिनं आणखी तीन रिळं मुद्दाम चुकीच्या जागी ठेवली.

"काय करतेस?" आई वैतागली. "दिसत नाही का तुला? ही तीनही चुकलीत." आणि पेपर बाजूला टाकून तिनं अठ्ठावीसच्या अठ्ठावीस रिळं भराभर लावून टाकली.

गणिताच्या बाईंना असं काही दिसलं की त्या सोडत नाहीत. तिनं मला काही सांगितलं नाही, आईलाही नाही. प्रत्येक रिळाच्या तळाला पेन्सिलीनं एक ते अठ्ठावीस आकडे घातले, आणि संध्याकाळी आईच्या खोलीत, माझ्या त्या दिव्याखाली, रिळं मिसळून पुढ्यात ठेवली. "आई, सकाळी लावलीत तशी पुन्हा लावून द्या ना, शाळेत न्यायचीत." आईनं लावली. खूप वेळ लावत बसली. बायकोनं तळाचे आकडे वाचले, तर अठ्ठावीसपैकी नऊ चुकीच्या जागी. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत तीच रिळं, तेच डोळे: एकही चूक नाही. संध्याकाळी खोलीत पुन्हा नऊ, आणि गंमत म्हणजे तीच नऊ.

त्या संध्याकाळी मी दुकानातून आलो तेव्हा ती वहीचं पान हातात घेऊन दारातच उभी होती.

"मला एक सांग," ती म्हणाली. "आईंचे डोळे सकाळी गॅलरीत येतात आणि संध्याकाळी खोलीत शिरले की जातात, असं कुठल्या डॉक्टरांच्या पुस्तकात आहे?"

मी पान वाचलं. सगळं एकदम कळलं. ज्या गोष्टी मी गिऱ्हाइकांना कधी सांगत नसे, कारण कुणी विचारतच नसे, त्यात ही एक होती: दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याला शंभरपैकी एक आकडा असतो. सूर्याला शंभर. आमच्या जुन्या पिवळ्या बल्बलाही जवळपास शंभर, फक्त त्याचा उजेड पिवळट. आणि स्वस्त एलईडीत गडद लाल जवळपास नसतोच, त्यामुळे लालसर तपकिरी आणि साधा तपकिरी त्याच्याखाली एकसारखे दिसतात. दिवसाचा उजेड म्हणजे नुसता पांढरेपणा. बाकी दिवसातलं त्यात काही नव्हतं. मी खोकं शोधून काढलं. तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, लिहिलेलं होतं: सत्तर.

मी आईसमोर जाऊन बसलो. रेडिओ बंद केला आणि सगळं सांगितलं. कापड, लाल, सत्तर, खोकं, माझी अक्कल. मी म्हणालो, "पण गॅलरीत उन्हात तुला तो लाल दिसला होता ना. तुला दिव्याचा संशय कसा आला नाही?"

"तू लावला होतास ना तो," आई म्हणाली.

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, चाळिशीतला माणूस, आणि रडलो. ती जरा वेळ केसांतून हात फिरवत राहिली. मग माझं डोकं बाजूला ढकललं. "पुरे. दोन महिने मी माझ्या डोळ्यांना शिव्या घातल्यात. त्या सगळ्या आता तुझ्या. ऊठ, आणि खरा दिवा आण."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून नऊ दिवे आणले. मालकांनी भुवया उंचावल्या, "अर्धं दुकान नेतोयस का?" म्हणाले, पण नेऊ दिले. आईनं पेटी मांडली आणि न्यायाधीश बसतात तशी ताठ बसली. मी एकेक दिवा लावायचा, ती रिळांवरून नजर फिरवायची आणि निकाल द्यायची. खोक्यावरचे आकडे मी तिला सांगत नव्हतो. बायको आकडे आणि निकाल दोन्ही लिहून घेत होती.

"हा लबाड."

"हाही लबाड, पण सभ्य."

"हा फिकट लाल सांगतो, गडद लपवतो. काढ."

"ह्याला काही कळत नाही, नुसता चमकतो. तुझ्यासारखा आहे."

निकाल पुढं गेले तसा मी गार पडत गेलो. आईनं लावलेला क्रम आणि छापलेल्या आकड्यांचा क्रम एकच होता. फक्त एका जागी फरक होता. एका नावाजलेल्या दिव्यावर नव्वद छापलेलं होतं, आणि आईनं त्याला ऐंशीवाल्याच्या खाली ढकललं. दुसऱ्या दिवशी मी तो दिवा पुरवठादाराच्या माणसाला तपासून आणायला सांगितला. त्यानं मापाचं यंत्र लावलं आणि कान खाजवत परत आला, कारण त्या खोक्यात चुकून दुसराच दिवा भरला गेला होता. यंत्र किती महागाचं होतं ते विचारायचं मी टाळलं.

नववा दिवा आमच्या दुकानात दीड वर्षं धूळ खात पडलेला होता. सत्त्याण्णव. कुणी मागतच नसे, कारण मी कुणाला सांगतच नसे. तो लावला तशी आई पुढं वाकली. रिळं हातात घेतली, ठेवली. दिव्याची मान जवळ ओढली. मग पेटीच्या तळाशी हात घालून तिनं दोन रिळं काढली. मला दोन्ही काळी वाटली.

"हा काळा," ती म्हणाली, "आणि हा गडद निळा. खिडकी बंद झाल्यापासून ह्या खोलीत मी हे दोन वेगळे कधी बघितले नव्हते. गडद कापड म्हणजे बल्बखाली नुसता अंधार. धागे मोजता येत नाहीत. म्हणून तर ते काम मी घेणंच सोडलं." तिनं दिव्याला हात लावून बघितला. गार होता. "हा ठेव. ह्याला हलवायचं नाही."

तिसऱ्या दिवशी ती स्वतः खाली उतरून, मला मागोमाग घेऊन, मास्तरांच्या दुकानात गेली आणि चित्रकलेच्या सरांचा कोट मागितला. मास्तर गडबडले. कोट सर पुन्हा घेऊन गेले होते आणि रागानं घालत नव्हते. आई म्हणाली, "मग सरांकडून आणा. फुकट करणार आहे, उपकार नाही, माझीच चूक उसवायचीय." मास्तर माझ्याकडे बघू लागले. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "चूक माझी. तिची नाही." पण ते मास्तरांना पटलेलं दिसलं नाही. त्यांच्या डोळ्यांत अजून दया होती, आणि ती मला आईच्या रागापेक्षा जास्त झोंबली.

कोट आला. आईनं जुनी वीण उसवली. ते बघवत नव्हतं, कारण वीण अशी सुरेख होती. मग तिनं पेटीतून रीळ निवडलं. मी म्हटलं, "आई, गॅलरीत एकदा..."

"नाही," ती म्हणाली. "ह्या वेळी दिव्याखालीच. संध्याकाळीच. मला बघायचंय."

पुन्हा चुकलं असतं तर तिनं सुई आयुष्यात उचलली नसती. दोन संध्याकाळी ती त्या खोलीत बसली आणि आम्ही बाहेर चोरपावलांनी वावरलो. रेडिओ बंद. मी आकडा तीनदा खोक्यावर वाचला.

कोट द्यायला भर दुपारी बाराला जायचं, असं तिनंच ठरवलं. मास्तरांच्या दुकानाबाहेर तेव्हा डोळे दिपतील असं ऊन असतं. सर आले होते. त्यांनी आईला नमस्कार केला, पण जरा कोरडाच. कोट हातात घेतला, उन्हात धरला. खिशाच्या वर बोट नेलं. बोट तिथंच थांबलं.

मग त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. कोपर उलटं केलं, सुलटं केलं, आकाशाकडे धरलं, सावलीत नेलं, पुन्हा उन्हात आणलं. आजूबाजूचे दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. सरांनी कोटाची आतली बाजू उघडून कॉलरपाशी टाचलेली स्वतःची आद्याक्षरं वाचली.

"कोट माझाच आहे," ते हळूच म्हणाले.

"दुसरा कुठून आणणार?" आई म्हणाली.

"मला भोकं कुठं होती ते तोंडपाठ आहे हो. मी रोज बघत होतो. रागानं बघत होतो." त्यांनी मास्तरांकडे वळून कोट पुढं केला. "तुम्हाला सापडतंय का?"

मास्तरांनी शोधलं. पानाच्या टपरीवाल्यानं शोधलं. मीही शोधलं, आणि मला तर काय, सापडायला हवं असतं तरी सापडलं नसतं. सरांनी कोट तिथंच अंगात घातला, त्या रणरणत्या उन्हात, लोकरीचा कोट, आणि सगळी बटणं लावली. मग आईपुढं दोन्ही हात जोडून पूर्ण वाकले. कोरडेपणा कुठल्या कुठं गेला होता.

"मावशी, मी चाळीस वर्षं मुलांना रंग शिकवले," ते म्हणाले. "मला हे जमलं नसतं."

आईचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत. मला वाटतं तिला ते सगळ्यांना दाखवायचे होते. ते डोळे, जे गेले होते म्हणे.

मास्तर आम्हाला दुकानात घेऊन गेले आणि त्यांनी कपड्यांचा एक गठ्ठा काउंटरवर ठेवला. दोन महिन्यांचं थांबवून ठेवलेलं काम. दुसऱ्या कुणाकडे पाठवलेलं बरंचसं नीट झालं नव्हतं, हे त्यांनी आता पडेल चेहऱ्यानं कबूल केलं. आई एकेक कपडा बघत बाजूला ठेवत होती. एक कोट मात्र मास्तरांनी परत काउंटरखाली सरकवला.

"तो काय?"

"तो तुमच्यासाठी नाही मावशी. गडद निळा आहे. तुम्ही आठ वर्षं निळ्याला हात लावत नाही, मला माहीत आहे ना."

आईनं काउंटरवरून हात आत घातला, कोट ओढून घेतला आणि उन्हाकडे पाठ करून, दुकानातल्या सावलीत, त्याच्या बाहीवरचं जळालेलं भोक अंगठ्यानं चाचपलं.

"हा आधी घेते," ती म्हणाली. "बाकीचे उद्या पाठवा."